कोळ्यांची वीण आणि अंडपिशव्या : घरात व परसात निरीक्षण कसे करावे

ज्याला कोळ्यांची वीण पाहायची आहे, त्याने कोळ्याच्या मागे न धावता अंड्यांची पिशवी शोधायला शिकावे. कोळी हालतो, लपतो, एका रात्रीत जाळे मोडून दुसरीकडे जातो. पिशवी मात्र दोन-चार आठवडे एका जागी किंवा एकाच मादीच्या अंगावर राहते. ती कुठे ठेवली आहे, कशाने झाकली आहे आणि तिच्याजवळ आई आहे की नाही, एवढ्यावरून तो कोळी कोणत्या कुळातला असावा याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. जगात कोळ्यांच्या 50 हजारांहून अधिक जातींची नोंद झालेली असली, तरी अंडी सांभाळण्याच्या त्यांच्या मुख्य तऱ्हा मोजक्याच आहेत : काही माद्या पिशवी अंगावर वागवतात, काही तिच्यावर बसून पहारा देतात, काही ती लपवतात आणि काही ती भक्कम गुंडाळून तिच्या नशिबावर सोडून देतात. पुढील सूचना महाराष्ट्र-गोव्यातील घरांत, अंगणांत आणि शेताच्या बांधांवर सहज सापडणारे कोळी डोळ्यांसमोर ठेवून दिल्या आहेत.

हंगाम महत्त्वाचा आहे. मृगाच्या सरींनंतर कीटक वाढतात, त्यांच्या पाठोपाठ कोळ्यांची पिल्ले वाढू लागतात, आणि भाद्रपद-आश्विनापर्यंत बागेतील मोठ्या जाळ्यांच्या माद्या पूर्ण वाढीला येतात. त्यामुळे घराबाहेर पाहायचे असेल, तर ऑगस्ट ते नोव्हेंबर हे महिने सर्वांत सोयीचे. घराच्या आत मात्र ऋतूची फारशी अडचण नसते. माळ्यावर, न्हाणीघरात आणि जिन्याखाली बाराही महिने कुणी ना कुणी अंडी घेऊन बसलेले असतेच.

साहित्य फार लागत नाही. कपाळाला बांधायची बॅटरी, दहापट मोठे दाखवणारे भिंग, सहा इंची पट्टी, एक वही, पाण्याचा बारीक फवारा मारणारी बाटली, रंगकामाचा मऊ ब्रश, रुंद तोंडाची पारदर्शक बरणी आणि पोस्टकार्डाइतका जाड कागद एवढे पुरते. बॅटरीच्या काचेवर लावण्यासाठी लाल जिलेटीन कागदाचा तुकडा जवळ ठेवावा, कारण बहुतेक कोळ्यांना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही आणि त्यांचे काम विनाखंड चालू राहते.

नर आणि मादी ओळखणे

कोळ्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना पायांसारखेच, पण आखूड असे दोन अवयव असतात. त्यांना पाल्प म्हणतात. मादीचे पाल्प शेवटपर्यंत सारख्या जाडीचे दिसतात; पूर्ण वाढ झालेल्या नराच्या पाल्पांची टोके मात्र ठळकपणे फुगलेली असतात. भिंगातून एवढे एकच लक्षण तपासले, तरी नर-मादीचा निवाडा होतो. टोके थोडी फुगलेली, पण गुळगुळीत व बंद दिसत असतील, तर तो शेवटची कात टाकायची राहिलेला नर समजावा.

ही फुगीर टोके म्हणजे नराची वीर्य साठवण्याची जागा. नराचे जननछिद्र पोटाच्या खालच्या बाजूला असते आणि पाल्पांशी त्याचा आतून काहीही संबंध नसतो, म्हणून त्याला एक वळसा घ्यावा लागतो. तो आधी अगदी लहानसे जाळे विणतो, त्यावर पोटाखालून वीर्याचा थेंब सोडतो आणि मग तो थेंब पाल्पांत शोषून घेतो. ही तयारी झाली की त्याचे शिकारी जाळे विणणे जवळजवळ थांबते व तो मादीच्या शोधात भटकू लागतो. रात्री दिव्याखाली किंवा दाराच्या उंबऱ्यावर एकटाच फिरणारा, हडकुळा, लांब पायांचा कोळी दिसला, तर तो बहुधा असाच नर असतो.

बागेत जाळ्याच्या मध्यभागी नागमोडी पांढऱ्या रेघांची फुली काढून बसणारा आर्जिओपी कोळी बहुतेकांनी पाहिलेला असतो. तिथे दिसते ती मादी. नर तिच्या निम्म्याहूनही लहान असतो आणि जाळ्याच्या कडेला किंवा शेजारच्या पानावर बसून राहतो, त्यामुळे मधल्या मादीवर नजर खिळवली तर तो दिसतच नाही. कोकणात आणि सह्याद्रीच्या जंगलांत राहणाऱ्या नेफिला पिलिपीस या महाकाय कोळ्यात ही तफावत टोकाची असते : मादीचे शरीर 3 ते 5 सेंटिमीटर, तर नर जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा. तिच्या जाळ्याच्या वरच्या भागात फिरणारे तांबूस ठिपके हे तिचे भक्ष्य चोरायला आलेले परके कोळी असतात की नर, हे भिंगाने पाल्प पाहूनच ठरवावे.

मीलन पाहायला घरातला उड्या मारणारा कोळी सर्वांत चांगला. खिडकीच्या गजांवर माशा टिपणारा प्लेक्सिपस हा कोळी डोळ्यांवर जगतो. नर मादीसमोर येऊन पुढचे पाय उचलतो, तिरका तिरका सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. निरीक्षकाने हातभर अंतरावर बसावे आणि आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नये, कारण या कोळ्याची नजर इतकी तीक्ष्ण असते की तो नाच सोडून माणसाकडेच वळून पाहू लागतो. जाळ्यातल्या माद्यांची नजर अधू असते. तिथे नर जाळ्याचा धागा ठरावीक लयीत हलवून आपण भक्ष्य नसल्याचे कळवतो. जाळे थरथरते आहे, पण त्यात कीटक अडकलेला नाही, असे दिसले की काठावर नर शोधावा. युरोपातील पिसौरा मिराबिलिस या जातीचा नर तर रेशमात गुंडाळलेली माशी भेट म्हणून घेऊन येतो.

मादी नराला खातेच, असे सरसकट समजले जाते. आर्जिओपीच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे, कारण मीलनाच्या वेळी किंवा लगेच नंतर मादी नराला गुंडाळून टाकताना अनेकदा दिसते. घरातल्या जळमटांमध्ये मात्र लांब पायांचे नर आणि माद्या दिवसचे दिवस शेजारी शेजारी लटकलेले असतात. तेव्हा वहीत जे दिसले तेच लिहावे, ऐकलेले लिहू नये.

मीलनानंतर वीर्य मादीच्या शरीरातील खास पिशव्यांत साठून राहते आणि अंडी घालताना वापरले जाते. म्हणूनच एका मीलनानंतर मादी पुढच्या काही आठवड्यांत एकामागून एक अनेक अंडपिशव्या करू शकते. बरणीत एकटीच ठेवलेली मादी अंडी देते आणि त्यांतून पिल्लेही निघतात, याचे अनेकांना नवल वाटते. त्यामागे हेच कारण आहे.

पिशवी कशी तयार होते

अंडी घालण्याच्या आधीची लक्षणे दोन-तीन दिवस आधीपासून दिसतात. मादीचे पोट ताणलेले, गोल आणि चकचकीत होते, ती जाळे दुरुस्त करण्यात चालढकल करते, समोर आलेल्या भक्ष्याकडेही दुर्लक्ष करते आणि जाळ्याच्या मधून उठून कडेच्या पानांत फेऱ्या घालू लागते. असे दिसले की त्या रात्री जागण्याची तयारी ठेवावी, कारण हे काम बहुधा रात्री किंवा पहाटे चालते व पुष्कळदा काही तास लागतात.

पिशवीचे सूत जाळ्याच्या सुतापेक्षा वेगळे असते. ते बनवणाऱ्या ग्रंथी फक्त मादीत असतात. मादी प्रथम पोटाचे टोक झुलवत एक लहान बैठक विणते आणि मग त्या बैठकीला पोट टेकवून अंडी सोडते. अंडी चिकट द्रवात भिजलेली असतात, त्यामुळे ती खाली न पडता एकमेकांना धरून राहतात. यानंतर तिच्या हालचाली एकदम घाईच्या होतात, कारण उघड्यावरची अंडी सुकण्याचा आणि मुंग्यांच्या हाती लागण्याचा धोका याच मिनिटांत सर्वाधिक असतो. ती वरून पातळ थर चढवते, मग भोवती सैल, कापशी सुताची गादी घालते आणि शेवटी बाहेरचे घट्ट कवच विणते. प्रत्येक जात हे सगळे थर चढवतेच असे नाही. आर्जिओपीच्या पिशवीचे बाहेरचे आवरण कागदासारखे चिवट लागते, तर उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या पिशवीतून आतली अंडी अंधूक दिसतात. काम संपल्यावर मादीचे पोट सुरकुतून निम्मे होते. सकाळी एवढा फरक दिसला, तरी रात्री काय झाले ते कळते.

पिशवी पाहताना निरीक्षकाने तीन गोष्टी टाळाव्यात : ती ओढून काढणे, दाबून पाहणे आणि तिच्यावर थेट फवारा मारणे. फवारा जाळे दिसावे यासाठी आहे, तोही दुरून आणि अगदी हलका.

घरातल्या अंडपिशव्या

सुरुवात जळमटांपासून करावी. छताच्या कोपऱ्यात उलटा लटकलेला, काडीसारख्या लांब पायांचा कोळी बहुधा क्रॉसोप्रायझा लायोनी या जातीचा असतो. त्याची मादी पिशवी विणतच नाही असे म्हटले तरी चालेल. ती अंडी तीन-चार धाग्यांनी कशीबशी बांधते आणि तो पुंजका आपल्या जबड्यांत धरून ठेवते. खुर्चीवर उभे राहून, मागून बॅटरी धरून पाहिले, तर तोंडाशी नाचणीच्या दाण्यांची पुरचुंडी धरल्यासारखी ती दिसते. अंड्यांभोवती जाड आवरण नसल्यामुळे गर्भाची वाढ उघड्या डोळ्यांनी पाहण्याची अशी संधी दुसऱ्या कोळ्यात सहसा मिळत नाही. पहिल्या दिवसांत अंडी एकसारखी, फिकट आणि गोल असतात. पुढे त्यांच्या एका बाजूला गडद ठिपके उमटतात, ते डोळे. आणि मग पारदर्शक कवचाआड दुमडून घेतलेले पाय रेघांसारखे दिसू लागतात. उबदार हवेत साधारण दोन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात, पण आई तो पुंजका लगेच सोडत नाही. आणखी काही दिवस ती लांब पायांची गुंतागुंत तोंडात तशीच धरून बसते आणि नंतर पिल्ले एकेक करून जाळ्यावर पांगतात.

या सगळ्या काळात तिचे तोंड अडलेले असते, म्हणून तिचे खाणे जवळजवळ बंद असते. तिला धक्का लागला, तर ती जाळ्यावर इतक्या वेगाने झुलते की शरीर अस्पष्ट होऊन जाते. शत्रूला नेम धरता येऊ नये यासाठीचा तो बचाव आहे. निरीक्षणासाठी तिला मुद्दाम तसे झुलवू नये, कारण फार त्रास झाला तर ती अंडी टाकून देते.

दुसरी ठळक मादी म्हणजे भिंतीवर पसरून बसणाऱ्या मोठ्या चपट्या कोळ्याची, हेटेरोपोडा व्हेनॅटोरियाची. कोकणातल्या घरांत तो फार दिसतो, आणि झुरळे खातो म्हणून त्याला हात न लावणारी शहाणी घरे अजून आहेत. ही मादी जाळे विणत नाही. तिची अंडपिशवी पांढरी, चपटी आणि गोल चकतीसारखी असून ती पोटाखाली धरून फिरते. चकती रुंदीला दोन सेंटिमीटरच्या आसपास भरते आणि आत शेकड्यांत मोजावी अशी अंडी असतात. चकतीमुळे तिला नेहमीच्या फटीत शिरता येत नाही, म्हणून ती उघड्या भिंतीवर अधिक दिसते आणि माणसे घाबरून केरसुणी उचलतात. ती अंगावर धावून येत नाही. मात्र हाताने पकडल्यास चावू शकते, आणि तो चावा धोकादायक नसला तरी चांगलाच झोंबतो. अशी मादी दिसली तर खोलीचा दिवा कमी करून रोज एकाच वेळी, दुरूनच तिची जागा नोंदवावी.

खिडकीच्या चौकटीत, दिनदर्शिकेच्या मागे किंवा पडद्याच्या घडीत पांढऱ्या सुताची लहान खोली सापडली, तर ती उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या मादीची समजावी. ती त्या खोलीतच अंडी घालून त्यांच्यावर बसून राहते. मुंगीसारख्या दिसणाऱ्या, याच कुळातील टॉक्सियस मॅग्नस या जातीची मादी पिल्लांना दुधासारखा द्रव पाजते, असे चीनमधील संशोधकांनी 2018 मध्ये दाखवून दिले. त्या द्रवात प्रथिनांचे प्रमाण गाईच्या दुधाच्या जवळजवळ चौपट आढळले. आपल्याकडे मुंगीसारखे कोळी आंब्या-पेरूच्या पानांवर भरपूर आहेत, तेव्हा त्यांच्या सुताच्या खोल्या न उघडता, उजेडाच्या विरुद्ध धरून, आत आई किती दिवस राहते हे नोंदवणे मोलाचे ठरेल.

भिंतीवर चुन्याचा शिंतोडा उडाल्यासारखी बारीक, चपटी, पांढरी जाळी असतात. त्यांखाली दोन-तीन मिलिमीटरचा ओइकोबिअस राहतो. त्यांतील एका जातीचे वर्णन भारतीय कोळीतज्ज्ञ बी. के. टिकादर यांनी 1962 मध्ये केले आणि तिला ‘मराठाउस’ हे नाव दिले. तिच्या एका पिशवीत बोटांवर मोजता येतील इतकीच अंडी असतात.

परसात आणि बांधावर

बाहेर पाहताना आधी जाळे, मग जाळ्याच्या वरची बाजू, मग आजूबाजूची पाने असा क्रम ठेवावा. तंबूसारखे आडवे जाळे विणणाऱ्या सिर्टोफोराच्या जाळ्यात अंडपिशव्या एकाखाली एक अशा माळेने टांगलेल्या असतात आणि आई त्या माळेच्या खालच्या टोकाशी बसते. माळेतली प्रत्येक पिशवी वेगळ्या दिवशी झालेली असल्यामुळे वरची फुटलेली, मधली भरलेली आणि खालची ताजी, अशी सगळी अवस्था एकाच जाळ्यात पाहायला मिळते.

सायक्लोसा हा लहान कोळी याच्या उलट लपवण्यावर भर देतो. तो जाळ्याच्या मधून उभी, कचऱ्याची एक रेघ बांधतो : खाल्लेल्या कीटकांची टरफले, सुकलेल्या पानाचे तुकडे, कातीचे अवशेष. स्वतः तो त्या रेघेतच बसतो. मादीच्या अंडपिशव्याही याच रेघेत ओवलेल्या असतात, आणि त्यांचा रंग कचऱ्याशी इतका जुळतो की भिंगाशिवाय त्या ओळखू येत नाहीत. सरावासाठी रेघेतील प्रत्येक गाठ वरून खाली पाहत जावी. टरफलाला कडा आणि सांधे असतात, पिशवी सगळीकडून सारखी आणि मऊ दिसते.

नेफिलाची मादी जाळ्याजवळ पिशवी ठेवत नाही. ती खाली उतरते, जमिनीत उथळ खड्डा करते, त्यात अंडी घालते आणि वर माती व पालापाचोळा ओढते. म्हणून एवढ्या मोठ्या कोळ्याची पिशवी क्वचितच कुणाला सापडते. एखाद्या दिवशी भले मोठे सोनेरी जाळे रिकामे दिसले आणि मादी दुसऱ्या दिवशी सुरकुतलेले पोट घेऊन परतली, तर ती कुठे गेली होती याचे उत्तर झाडाखालच्या मातीत असते; ती माती उकरू नये.

फुलझाडांवर हिरवागार प्यूसेशिया आणि दुमडलेल्या पानात खेकड्यासारखा थॉमिसस, हे दोघे पहारेकरी आहेत. मादी पिशवीला पायांनी कवटाळून बसते आणि जवळ आलेल्या मुंगीवर धावून जाते. अमेरिकेतील एका हिरव्या प्यूसेशियाची मादी तर पिशवी राखताना विष थुंकते. पान उलटून पाहायचे असल्यास देठाजवळ धरून सावकाश वळवावे व लगेच होते तसे सोडावे.

लांडगा कोळ्यांसाठी मात्र रात्रीच बाहेर पडावे. हे जाळ्यावर न विसंबता जमिनीवर पळून शिकार करतात आणि भाताच्या खाचरांत तुडतुडे खाऊन शेतकऱ्याचे काम हलके करतात. बॅटरी कपाळाला बांधून, म्हणजे प्रकाश आपल्या डोळ्यांच्या रेषेत ठेवून, हिरवळीवर किंवा बांधावर दहा-पंधरा पावले पुढे नजर टाकावी. गवतात हिरवट, स्थिर, टाचणीच्या डोक्याएवढे प्रकाशबिंदू दिसतील. ते लांडगा कोळ्याचे डोळे. बॅटरी हातात खाली धरली, तर तो प्रकाश परत डोळ्यांकडे येत नाही आणि काहीच दिसत नाही. बिंदूवरची नजर न हलवता जवळ जावे. मादी असेल, तर पोटाच्या टोकाशी असलेल्या, सूत काढणाऱ्या अवयवांना चिकटवलेली गोल पिशवी ती फरफटत नेताना दिसते.

या पिशवीवर तिचा जीव असतो, पण ओळख तितकीशी नसते. फ्रेंच निरीक्षक जाँ-आंरी फाब्र (1823–1915) यांनी एका लांडगा कोळिणीची पिशवी काढून घेऊन तेवढ्याच आकाराची बुचाची गोळी दिली, आणि ती मादी बुचाची गोळीच मागे बांधून फिरू लागली. बिळात राहणाऱ्या माद्या दिवसा पिशवी बिळाच्या तोंडाशी आणून उन्हाला धरतात, हेही त्यांनी नोंदवले. हा पिशवी बदलण्याचा प्रयोग पुन्हा करण्याची काही गरज नाही; त्याचा निकाल ठाऊक आहे आणि त्यात अंडी वाया जातात.

पिल्लांना या पिशवीतून स्वतःहून बाहेर पडता येत नाही. वेळ आली की आई जबड्याने शिवण उसवते, पिल्ले तिच्या पायांवरून चढून पाठीवर जातात आणि तिथल्या गाठदार टोकांच्या खास केसांना धरून थरांनी बसतात. या दिवसांत बॅटरीच्या उजेडात तिच्या पाठीवरूनही बारीक चमक उठते, कारण प्रत्येक पिल्लाचे डोळे वेगळे चमकतात. आठवडाभर किंवा थोडे अधिक दिवस ती अशीच फिरते. एखादे पिल्लू खाली पडले तर ते आईच्या पायावरून पुन्हा वर चढते. ती त्याला उचलत नाही, पण थांबून राहते.

दख्खनच्या कोरड्या माळावर बाभळी-बोरींच्या काट्यांत मळकट सुताचे गोळे दिसतात. ती स्टेगोडिफस सॅरॅसिनोरम या समूहाने राहणाऱ्या कोळ्याची घरटी असतात. एका घरट्यात अनेक माद्या असतात आणि नर अगदी थोडे. अंडपिशव्या घरट्याच्या आत राहतात. पिल्ले निघाल्यावर माद्या पोटातला पातळ आहार ओकून त्यांना भरवतात आणि अखेरीस पिल्ले त्या माद्यांनाच खातात. हे घरटे फोडून पाहण्याचा मोह आवरावा. संध्याकाळी, माद्या जाळे दुरुस्त करायला बाहेर येतात तेव्हा, हातभर अंतरावरून पुष्कळ दिसते.

पिशवीला पडलेली छिद्रे वाचणे

अंड्यांचे खरे शत्रू पक्षी किंवा पाल एवढेच नसतात. काही अतिसूक्ष्म गांधीलमाश्या कोळ्याच्या अंड्यांतच आपली अंडी घालतात. मँटिस्पिड कुळातील कीटकांच्या अळ्या पिशवीत शिरून अंडी शोषतात. पावसाळ्यात बुरशी धरते. आणि पहारा नसेल तर मुंग्या पिशवी कुरतडतात. कुंभारीण माशी पिशवीला हात लावत नाही, पण आईलाच डंख मारून आपल्या मातीच्या घरात नेऊन कोंबते. म्हणून पिशवी आहे आणि पहारेकरीण एकाएकी नाहीशी झाली, असे दिसल्यास जवळच्या भिंतीवर ओल्या मातीचे घर आहे का, तेही पाहावे.

पिशवी रिकामी झाल्यावर तिच्यावरील छिद्र पुष्कळ सांगते. पिल्ले निघाली असतील, तर बहुधा एखादेच, विस्कटलेल्या कडांचे भोक असते व आजूबाजूला बारीक धाग्यांचे जाळे पसरलेले असते. अनेक, लहान आणि नीट गोल भोके असतील, तर आतून परजीवी माश्या गेल्या. सुत ओरबाडून मोठे खिंडार पडले असेल, तर ते बाहेरच्या कुणाचे काम.

साफसफाईच्या दिवसांत काय करावे

गणपती आणि दिवाळीच्या आधी घरे झाडली जातात, आणि कोळ्यांच्या विणीचा भरही नेमका तेव्हाच असतो. जळमटे काढू नयेत असे कुणी सांगणार नाही. पण काढण्यापूर्वी एकदा बॅटरीने कोपरे पाहून घ्यावेत. अंडी धरलेली मादी दिसली, तर बरणी तिच्यावर अलगद उपडी ठेवावी, मागून कागद सरकवावा आणि तिला गोठ्यात, गॅरेजमध्ये किंवा जिन्याखाली नेऊन सोडावे. चकती धरलेला मोठा कोळी असेल, तर बरणी पुरेशी रुंद घ्यावी. पाय कडेखाली सापडला की मादी पिशवी सोडते.

केरसुणीने पिशवी एकटीच खाली आली असेल, तर ती ब्रशने कागदावर घ्यावी आणि बरणीत ठेवून तोंडाला मलमलचा कपडा बांधावा. बरणी सावलीत ठेवावी. कोपऱ्यात ओलसर कापसाचा बोळा ठेवला तर हवा सुकत नाही. मात्र कापूस पिशवीला टेकू देऊ नये, नाहीतर बुरशी येते. पिल्ले बहुतेक वेळा अंड्यातून निघाल्यावर पिशवीच्या आतच पहिली कात टाकतात आणि मगच बाहेर येतात, त्यामुळे आत हालचाल दिसूनही काही दिवस काहीच घडत नाही, म्हणून पिशवी फाडू नये. लांडगा कोळ्याची आणि चपट्या मोठ्या कोळ्याची पिशवी आईवाचून सहसा फुटत नाही, तेव्हा त्यांच्या बाबतीत आईलाही सोबत हलवणे हाच खरा उपाय आहे. पिल्ले बाहेर आली की एक-दोन दिवसांत बरणी बागेतल्या झुडपात आडवी उघडून ठेवावी. उशीर केला तर ती एकमेकांना खातात.

दोन ठिकाणी हात आवरावा. सर्व बाजूंनी सुताचे बारीक काटे आलेली गोल, पिवळट पिशवी तपकिरी विडो कोळ्याची असते. हा विषारी कोळी भारतातही नोंदवला गेला आहे आणि त्याची मादी पिशवीजवळच, खुर्ची-कुंड्यांच्या खालच्या बाजूला बसलेली असते. दुसरे म्हणजे सह्याद्रीतील मोठे केसाळ कोळी. त्यांच्या माद्या झाडाच्या ढोलीत किंवा बिळात पिशवी राखतात, अनेक वर्षे जगतात आणि त्यांच्या चोरट्या व्यापारामुळे आधीच संकटात आहेत. बिळात काडी घालून त्यांना बाहेर काढू नये आणि जागेचा नेमका पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नये.

नोंदी आणि शेवटची तपासणी

प्रत्येक पिशवीला वहीत एक क्रमांक द्यावा आणि तिच्यासमोर सापडल्याची तारीख, जागा, जमिनीपासूनची उंची, पट्टी शेजारी ठेवून काढलेले छायाचित्र, आईची उपस्थिती आणि पावसाची स्थिती लिहावी. रोज पाहणे शक्य नसेल, तर दिवसाआड, पण एकाच वेळी पाहावे. रंग गडद होणे ही पिल्ले निघण्याची जवळची खूण असते.

बागेतील जातींची पिल्ले पाऊस उघडल्यानंतरच्या स्वच्छ सकाळी पांगतात. ती गवताच्या किंवा फांदीच्या टोकावर चढतात, पोट वर करतात, सुताचा धागा हवेत सोडतात आणि त्याच्या जोरावर उडून जातात. वारा हे त्याचे एक कारण. हवेतील विद्युतक्षेत्रही त्यांना उड्डाणाला प्रवृत्त करते, असे ब्रिस्टॉल विद्यापीठातील प्रयोगांत 2018 मध्ये दिसून आले. 1832 मध्ये चार्ल्स डार्विन यांच्या बीगल जहाजावर, किनाऱ्यापासून सुमारे 60 मैलांवर, असे असंख्य कोळी येऊन उतरले होते. हे पाहायचे असल्यास उगवतीकडे तोंड करून, नजर झुडपाच्या टोकांवर ठेवून बसावे, म्हणजे धागे उन्हात चमकतात.

शेवटचे पिल्लू गेल्यानंतर दोन दिवस थांबावे आणि मगच रिकामी पिशवी काढून कात्रीने एका बाजूने उघडावी. पांढऱ्या कागदावर झटकली की आत राहिलेल्या काती, अंड्यांची कवचे आणि न फुटलेली, सुकून पिवळी पडलेली अंडी वेगळी करता येतात. काती मोजल्या की पिल्लांचा आकडा मिळतो, सुकलेली अंडी मोजली की नुकसान कळते, आणि दोन्ही आकडे त्या क्रमांकासमोर लिहून मूळ जागी पुन्हा एकदा पाहून यावे, कारण त्याच मादीने तोवर शेजारी दुसरी पिशवी केलेली असण्याची बरीच शक्यता असते.